मित्राच्या नावाने आलेला तोतया



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर नेहमी शेतीमालाचा भाव असतो, वीजबिल असते, पीकविम्याची रखडलेली रक्कम असते. या खेपेला आम्ही त्यात एका नव्या विषयाची भर घालीत आहोत. मोबाइलवर मित्राचे, भावाचे, सोयऱ्याचे नाव लावून येणारा आणि पैसे घेऊन जाणारा तोतया, हा तो विषय. काही कार्यकर्त्यांना हे खटकेल. 'हा शहरातल्या पगारदारांचा प्रश्न. आमच्या खात्यात चोरण्यासारखे आहे काय?' असे ते म्हणतील. त्यांना आमची विनंती एवढीच, की खात्यातली शिल्लक क्षणभर बाजूला ठेवावी आणि या चोरीत नेमके काय चोरीला जाते ते पाहावे.

सायबर गुन्ह्यांत देशातल्या लोकांचे २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी, असे खुद्द केंद्र सरकारने २०२५ साली लोकसभेत सांगितले. एका वर्षात तिप्पट. शेतीत असे तिप्पट उत्पन्न कोणी काढले असते तर त्याचा सत्कार झाला असता! या आकड्यात सगळ्या प्रकारची फसवणूक आली. बँकेचा साहेब बनून केलेली आली, पोलीस बनून केलेली आली, जादा व्याजाचे आमिष दाखवून केलेली आली. या लेखात आम्ही त्यातला एकच प्रकार घेतो आहोत. अनोळखी साहेबाला माणूस कधी ना कधी संशयाने पाहतो. ओळखीच्या नावाला तो दार उघडतो. म्हणून हा प्रकार सगळ्यांत वाईट.

हातउसने ही आपली खरी बँक

निरोप कसा येतो ते बहुतेकांना आता ठाऊक आहे. 'दादा, पोराला दवाखान्यात ॲडमिट केलंय. माझं यूपीआय चालत नाही. २० हजार या नंबरवर टाक. सांजच्याला देतो.' वर फोटो मित्राचा, नाव मित्राचे, 'दादा' म्हणण्याची रीतही तीच. माणूस फार विचार करीत नाही, पैसे टाकतो. संध्याकाळी मित्राला फोन करतो, 'पोरगं कसं आहे?' मित्र म्हणतो, 'शाळेत गेलंय. का बरं?'

शहाणी माणसे यावर हसतात. इतके कसे भोळे, असे विचारतात. त्यांना आमचे सांगणे आहे, की हा भोळेपणा नव्हे, हा व्यवहार आहे. आपल्या गावांत रोज असेच निरोप येतात आणि ते खरे असतात. खताची गाडी दारात उभी असते, दुकानदार उधार देत नाही, तेव्हा शेजारचा बांधवाला ५ हजार काढून देतो. बाळंतीण अडली, गाडी करायची आहे, तर बचत गटातल्या चौघी मिळून पदराच्या गाठी सोडतात. बँकेचे कर्ज हवे तर सातबारा लागतो, जामीनदार लागतो, चकरा लागतात. सावकाराचे हवे तर व्याज लागते. हातउसन्याला यातले काही लागत नाही. त्याला तारण एकच. हा माणूस कोण आहे ते मला माहीत आहे, तो पैसे बुडवणार नाही.

ही बिनकागदाची बँक गरीब माणसाने पिढ्यान्‌पिढ्या उभी केली आहे. तिची शाखा प्रत्येक आळीत आहे, तिला सुटी नाही, तिने कोणाच्या घरावर जप्ती आणली नाही. तोतया दरोडा घालतो तो या बँकेवर. २० हजार जातात ते एका घराचे. पण त्या दिवसापासून गावात प्रत्येक जण मागणाऱ्याच्या निरोपाकडे संशयाने पाहू लागतो. पुढच्या वेळी खरोखरच पोरगे दवाखान्यात असते, निरोप खरा असतो, आणि देणारा म्हणतो, 'कोण जाणे, असेल कोणीतरी लबाड.' हात आखडतो. ज्याला हातउसने मिळाले नाहीत तो सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. म्हणून हा विषय आमच्या विषयपत्रिकेवरचा आहे.

तोतया आपल्याला नवा नाही

मराठी माणसाला तोतया हा शब्द शिकवावा लागत नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते खरोखर पडले की कुठे निसटले, याबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा एक इसम उभा राहिला. त्याला पकडून कैदेत ठेवण्यात आले. १७७६ साली तो रत्नागिरीच्या किल्ल्यातून बाहेर पडला, तोही ज्यांच्या पहाऱ्यात होता त्यांच्याच मदतीने. हजारो माणसे त्याच्या मागे गेली, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले. अखेर तो हाती लागला आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. पुढे न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक त्यावर लिहिले.

त्या हजारो माणसांना मूर्ख म्हणून मोकळे होता येणार नाही. भाऊ परत यावेत अशी लोकांची मनापासून इच्छा होती. कोणाच्या घरातला माणूस पानिपतावरून परतला नव्हता. भाऊ येऊ शकतात तर आपलाही येईल, ही आशा होती. तोतयाने कोणाची मती गुंग केली नाही. त्याने लोकांच्या मायेवर स्वारी केली. आजचा तोतयाही तेच करतो. पडद्यावर मित्राचे नाव दिसले, की आपण माणूस तपासायचे सोडून देतो आणि त्याची अडचण कशी भागवावी याच्या विचाराला लागतो. तिथेच तो जिंकतो.

फरक एवढाच, की त्या तोतयाला भाऊंसारखे दिसावे लागले, चालावे-बोलावे लागले. आजच्या तोतयाला एक फोटो पुरतो.

तो कोणकोणत्या वाटांनी येतो

पहिली वाट सोपी. तुमचा फोटो फेसबुकवरून किंवा व्हॉट्सॲपवरून उचलायचा, नव्या नंबरला लावायचा आणि तुमच्या ओळखीच्या लोकांना कळवायचे, 'माझा नंबर बदलला आहे, हा जपून ठेव.' दोन दिवसांनी पैशाची मागणी. फेसबुकवर याचाच एक थाट आहे. तुमच्या नावाचे दुसरे खाते उघडून तोतया लिहितो, 'माझा एक मित्र निमलष्करी दलात आहे, त्याची बदली झाली, घरातले फर्निचर आणि मोटारसायकल अगदी स्वस्तात द्यायची आहे.' लष्कराचे नाव आले की माणसाला शंका येत नाही, हे त्याला पक्के माहीत आहे.

दुसरी वाट अधिक कावेबाज आहे. इथे नंबर खराच मित्राचा असतो. आधी त्या मित्राचे व्हॉट्सॲप चोरलेले असते. मग तुम्हाला निरोप येतो, 'चुकून माझा ६ आकडी कोड तुझ्या मोबाइलवर आला आहे, तेवढा पाठव.' तो कोड मित्राचा नसतो, तो तुमच्याच व्हॉट्सॲपची किल्ली असतो. तुम्ही तो पाठवला, की तुमचे व्हॉट्सॲप तोतयाच्या हातात गेले. आता तो तुमच्या नावाने तुमच्या मेव्हण्याला लिहिणार, मेव्हण्याच्या नावाने त्याच्या मित्रांना. कधी तोतया कुरिअरवाला होऊन फोन करतो आणि चार-शून्य-एक असा आकडा व फुल्या लावून एक नंबर फिरवायला सांगतो. त्याने तुमचे फोन परस्पर त्याच्याकडे वळतात आणि कोड सांगणारा फोनही त्यालाच जातो. या मार्गाने फोन वळवण्याची सोय बंद करण्याचा आदेश दूरसंचार खात्याने १५ एप्रिल २०२४ पासून लागू केला. तरीही अनोळखी माणसाने सांगितलेला असला आकडा कोणीही फिरवू नये.

तिसरी वाट खास आपल्यासाठी आखलेली आहे. गावाच्या ग्रुपवर, गावातल्याच माणसाच्या नंबरवरून एक फाइल येते. नाव असते 'पीएम किसान', कधी वाहनाचा दंड, कधी लग्नपत्रिका. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. वर्षाचे ६,००० रुपये, त्यातला २,००० चा हप्ता अडला आहे असे वाटून माणूस ती दाबतो. ती पत्रिकाही नसते आणि यादीही नसते, तो मोबाइलमध्ये शिरणारा चोर असतो. तो बँकेचे निरोप वाचतो, ओटीपी पळवतो आणि तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपवर पाठवतो. पाठवणाऱ्याला आपण काही पाठवले याचा पत्ताही नसतो. म्हणून 'आपल्या सरपंचांनीच टाकली होती' हा पुरावा होऊ शकत नाही. सरकार लाभाची यादी अशा फाइलीतून ग्रुपवर वाटत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. फाइल दाबलीच गेली असेल तर आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि मोबाइल जाणकाराकडून साफ करून घ्यावा.

चौथी वाट वडिलांच्या मित्राची. पोराला किंवा सुनेला फोन येतो, 'मी तुझ्या बाबांचा मित्र. त्यांचे २ हजार द्यायचे होते, त्यांनी तुझ्या नंबरवर टाकायला सांगितले.' लगेच मोबाइलवर निरोप येतो, २० हजार जमा. 'अरे, चुकून एक शून्य जास्त पडला. १८ हजार परत पाठव, मी दवाखान्यात उभा आहे.' पैसे मुळी जमा झालेलेच नसतात. बँकेच्या निरोपासारखा दिसणारा निरोप त्यानेच साध्या नंबरवरून पाठवलेला असतो. खात्याची शिल्लक पाहिली असती तर तिथेच खेळ संपला असता. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असावी. पैसे द्यायला पिन लागतो, पैसे घ्यायला पिन लागत नाही. 'पैसे मिळण्यासाठी पिन टाका' असे जो म्हणतो तो चोर.

पाचवी वाट ऐकून अंगावर काटा येतो. आता यंत्र माणसाचा आवाज काढते, चेहराही काढते. जुलै २०२३ मध्ये केरळात कोळिकोड येथे एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. बोलता बोलता व्हिडिओवर त्याचा चेहरा दिसला, ओठ हलताना दिसले. आपल्या नात्यातल्या बाईचे ऑपरेशन आहे म्हणून त्याने ४० हजार मागितले. यांनी पाठवले. लगेच आणखी ३५ हजारांची मागणी आली. तेव्हा मात्र यांनी त्या सहकाऱ्याच्या जुन्या नंबरवर स्वतः फोन लावला. तो म्हणाला, मी तुम्हाला फोनच केला नाही! चेहरा यंत्राने बनवलेला होता. यांनी ताबडतोब तक्रार केली, पोलिसांनी पैशाचा माग काढला, ज्या खात्यात तो गेला ते खाते गोठवले. ते खाते महाराष्ट्रातले निघाले.

या प्रकरणात आम्हाला महत्त्वाचे वाटते ते यंत्राचे कौतुक नव्हे. इतक्या मोठ्या यंत्राची लबाडी उघडी पडली ती एका साध्या फोनने. जुन्या नंबरवर, आपण होऊन लावलेल्या.

मोजून घ्या!

यातून धडा निघतो तो इतका सोपा आहे, की लोकांना तो पुरेसा वाटत नाही. पैशाची मागणी कोणाच्याही नावाने आली, तरी ज्या वाटेने मागणी आली त्या वाटेने खात्री करायची नाही. तो निरोप तसाच ठेवायचा, आपल्याकडे आधीपासून जपलेल्या नंबरवर आपण फोन लावायचा. फोन लागला नाही तर त्याच्या बायकोला, भावाला, शेजाऱ्याला लावायचा. कोणीच मिळाले नाही तर पैसे थांबवायचे. जो तोतया असतो तो घाई करतो, बोलायला तयार होत नाही, घरच्यांना सांगू नको म्हणतो, पैसे दुसऱ्याच कोणाच्या नंबरवर मागतो. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव येते. मागणारा तुमचा साडू आणि नाव भलत्याच राज्यातल्या माणसाचे, तर बोट तिथेच थांबले पाहिजे.

मग लोक का थांबत नाहीत? पद्धत माहीत नसते म्हणून काही थोडे फसतात. बहुतेक फसतात ते भिडेमुळे. अडचणीतल्या माणसाला 'तूच आहेस ना रे?' असे कसे विचारायचे? त्याला काय वाटेल? २० हजारांसाठी याने माझी परीक्षा पाहिली, असे तो चारचौघांत म्हणेल. या भिडेवर तोतयाचा सगळा धंदा उभा आहे.

या भिडेचा इलाज आपल्याच रीतीत आहे. सख्ख्या भावाने भावाला नोटा दिल्या, तरी देणारा काय म्हणतो? 'मोजून घ्या.' घेणारा समोरच मोजतो. कोणाला राग येत नाही. उलट न मोजता खिशात घातल्या तर देणाराच म्हणतो, 'मागून बोलू नका बरं.' बैल मामाच्या दावणीचा असला, तरी दात पाहूनच घेतात. कापसाची गाडी मित्राच्या काट्यावर लागली, तरी आपण काट्याकडे बघतो. व्यवहारात खात्री करणे हा अविश्वास नव्हे, संबंध टिकवण्याची ती रीत आहे, हे आपल्या आजोबांना माहीत होते. नोटा मोबाइलमध्ये शिरल्या आणि 'मोजून घ्या' म्हणणारे कोणी उरले नाही.

ते पुन्हा म्हणायला सुरुवात करावी, असे आम्हाला सुचवायचे आहे. आणि त्याची जबाबदारी मागणाऱ्याने घ्यावी. ज्याला हातउसने हवे आहे त्याने निरोप न पाठवता फोन करावा आणि आपण होऊन म्हणावे, 'ठेव फोन आणि माझ्या नेहमीच्या नंबरवर लावून खात्री कर, मग टाक.' मागणारा स्वतःच असे म्हणू लागला, की देणाऱ्याची भीड संपते. जो असे म्हणत नाही, फोन करू देत नाही, तो कोण हे वेगळे सांगायला नको.

घरात याहून एक पाऊल पुढे जाता येईल. प्रत्येक घराने एक खुणेचा शब्द ठरवावा. जुन्या बैलाचे नाव घ्या, विहिरीवरच्या झाडाचे घ्या, आजीच्या माहेरच्या गावाचे घ्या. तो कुठे लिहायचा नाही, मोबाइलवर पाठवायचा नाही, जेवताना ताटावर बसून ठरवायचा. पुण्याला शिकणारी मुलगी, गुजरातेत कामाला गेलेला मुलगा, आखातात गेलेला पुतण्या, कोणाच्याही आवाजात पैशाची मागणी आली की पहिला प्रश्न, 'खुणेचा शब्द काय?' यंत्र आवाज चोरील, चेहरा चोरील. आजीच्या माहेरच्या विहिरीवर कोणते झाड होते हे त्याला कोण सांगणार?

एकट्याने कुलूप लावून भागत नाही

बोंडअळीने २०१७ साली विदर्भातला कापूस खाल्ला तेव्हा एक गोष्ट सगळ्यांना कळली. मी माझ्या शेतातल्या पऱ्हाट्या वेळेत काढल्या आणि शेजाऱ्याने बांधावर रचून ठेवल्या, तर अळी माझ्याकडे येणारच. या फसवणुकीचेही तसेच आहे. ग्रुपमधल्या एकाचे व्हॉट्सॲप चोरीला गेले, की सगळा ग्रुप तोतयाच्या टप्प्यात येतो. म्हणून हे काम सामुदायिकपणे करायला हवे.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' नावाची सोय आहे. तिथे आपला एक ६ आकडी पिन ठेवला, की कोड चोरूनही चोराला आत जाता येत नाही. 'लिंक्ड डिव्हाइसेस' या जागी आपले व्हॉट्सॲप आणखी कुठे उघडले आहे ते दिसते. अनोळखी यंत्र दिसले तर ते तिथूनच काढून टाकावे. फेसबुकवर आपल्या मित्रांची यादी झाकून ठेवता येते, म्हणजे तोतयाला कोणाकोणाला लिहायचे ते सापडत नाही. व्हॉट्सॲप चोरीला गेलेच तर आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी करावी. एसएमएसने आलेला कोड आपल्या मोबाइलवर टाकला, की चोर बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला ७ दिवस थांबावे लागते, पण तेवढे दिवस तोही बाहेरच असतो. दरम्यान सगळ्या ओळखीच्यांना फोनवर सांगावे आणि गावात दवंडी द्यावी लागली तरी द्यावी.

पहिला तास

इतके करूनही कोणी ना कोणी फसेल. फसलेल्याने काय करावे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवे. १९३० या नंबरवर ताबडतोब फोन. ही देशभराची सरकारी मदतवाहिनी आहे. बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक सांगायचा. तिथून निरोप पुढच्या बँकेकडे जातो आणि पैसा त्या खात्यात असेपर्यंत तो अडवता येतो. तोतया तासाभरात पैसा पाच-सहा खात्यांतून फिरवतो आणि एटीएममधून काढून मोकळा होतो. म्हणून बाजारहाट करून, उद्या बँक उघडली की पाहू, असे म्हणून चालत नाही. फोन झाल्यावर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर लेखी तक्रार करायची, आपल्या बँकेला कळवायचे, निरोप पुसून न टाकता तसेच ठेवायचे. परक्याचे सोंग घेऊन संगणकाच्या साहाय्याने फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे ठाण्यात ठणकावून सांगायचे.

बँक काय म्हणेल, तेही आधीच माहीत असू द्या. खातेदाराचा दोष नसताना परक्याने पैसे काढले आणि खातेदाराने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार टाकू नये, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये बँकांना बजावले. पण तोतयाच्या प्रकरणात पिन आपणच दाबलेला असतो. 'तुम्हीच पाठवलेत,' असे म्हणून बँक हात झटकते. गेल्यावर मिळवण्यापेक्षा जाऊ न देणे स्वस्त पडते ते यामुळे.

फसलेल्या माणसाचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे गावाचे हसू. चावडीवर टिंगल होईल या भीतीने तो बायकोलाही सांगत नाही, आणि तो महत्त्वाचा पहिला तास निघून जातो. ज्या सुनेच्या खात्यातून पैसे गेले तिचे तर बोलायलाच नको, तिच्या हातचा मोबाइलच काढून घेतात. आमचे स्पष्ट म्हणणे आहे, की फसलेल्याला हसणारा माणूस तोतयाचा बिनपगारी नोकर आहे. शिकलेसवरलेले अधिकारी, डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले लोक फसले आहेत. चोरी झाली तर लाज चोराला वाटावी.

भाड्याने दिलेली खाती

आता थोडे कडू बोलतो. तोतयाला पैसे घ्यायला खाते लागते, आणि ते स्वतःच्या नावाचे असून चालत नाही. मग तो गरजू पोरे शोधतो. 'खाते, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काही हजार घे, तुला काही करायचे नाही.' कोळिकोडच्या माणसाचा पैसा महाराष्ट्रातल्या खात्यात कसा आला, याचा विचार करा. शेतीत भागत नाही, नोकरी नाही, अशा आपल्याच घरातला एखादा पोरगा खाते भाड्याने देऊन बसतो. पोलीस येतात ते त्याच्या दारात, कारण कागदावर चोर तोच. तोतया कुठे दूर बसलेला, त्याचे नावही पोराला ठाऊक नसते. बांधावरची वाट दरोडेखोराला भाड्याने देणारा आणि हा, यांत फरक नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत ते 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. न घेतलेले सिम दिसले तर तिथेच तक्रार करता येते. प्रत्येकाने ते एकदा पाहून घ्यावे.

सरकार आणि बँका यांनाही यातून सुटका नाही. शेतकऱ्याला पीककर्जासाठी डझनभर कागद मागणारी बँक तोतयाचे खाते मात्र चुटकीसरशी उघडते. चार पैशांच्या कमिशनसाठी अंगठे घेऊन सिमे वाटली जातात. अनुदान खात्यावर, विमा खात्यावर, बाजार समितीचे पैसे खात्यावर, असा सगळा व्यवहार मोबाइलवर आणून ठेवायचा आणि राखण मात्र ज्याची त्याने करायची, हा न्याय आम्हाला मान्य नाही. लुबाडलेला पैसा ज्या बँकेच्या खोट्या खात्यातून गेला त्या बँकेने त्याचा भार उचलावा, ही मागणी बैठकीने करावी. पण मागणी मान्य होईपर्यंत आपली राखण आपल्यालाच करावी लागेल.

बैठकीतून उठण्यापूर्वी

ठराव करून फाइलीत ठेवण्याचा हा विषय नाही. आम्ही प्रत्येक शाखेला चार कामे सांगतो. बैठकीला आलेल्या प्रत्येकाने उठण्यापूर्वी आपल्या व्हॉट्सॲपला पिन लावून घ्यावा, ज्याला येत नाही त्याला शेजारच्या पोराने शिकवावे, पण पिन ज्याचा त्यानेच दाबावा. १९३० हा आकडा ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या आणि दूध डेअरीच्या भिंतीवर तेलरंगाने लिहावा. महिला आघाडीने बचत गटांच्या बैठकीत हाच विषय घ्यावा आणि ज्या बाईचे खाते आहे तिच्याच हाताने मोबाइल चालवून घ्यावा. चौथे काम घरी गेल्यावर, रात्रीच्या जेवणाला. खुणेचा शब्द.

आणि उद्या तुमच्या दाराशी, मोबाइलवर, खऱ्याखुऱ्या मित्राची अडचण येईल, ती येणारच आहे. तेव्हा आधी फोन लावा. तो खराच निघाला तर हात आखडू नका, जे असेल ते द्या. आणि देताना, आपल्या रीतीप्रमाणे, मोजून द्या.